मग

ग्रिम्सबीत रविवारी वारा आमच्या आधी चॅपेलला पोचतो.
मागून मी व्हीलचेअर ढकलत,
कोटाला धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास,
खिशात ती वीतभर लोखंडी किल्ली,
जी डोरीन ब्लँचर्डने जाण्याआधी पाच दिवस
माझ्या मुठीत दाबली. म्हणाली,
बॉयलर बंद आहे, डावीकडे छत गळतं,
बाकी सगळं ठीक.

बाकी म्हणजे आम्ही.
ईस्टरला नऊ होतो. आता सहा,
तेही सगळ्यांचे गुडघे बरे असले तर.

जालन्याच्या मिशन कंपाउंडात
हा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की
सासूबाई कालवणाखालचा जाळ ओढून घ्यायच्या.
लवकर आटपायचा नाही.
आजारी, परगावी गेलेले, दहावीला बसलेले,
कुत्रं चावलेला मागच्या गल्लीतला पोरगा,
सगळ्यांना नावानिशी देवापुढे हजर करायचा,
मास्तर पट घेतात तसा.
शांतवन नाव ठेवलं होतं वडिलांनी.

गेल्या फेब्रुवारीत झटका आला.
उजवा हात गेला, उजवा पाय गेला,
एका रात्रीत दोन्ही भाषा गेल्या.
झाडून नेलेल्या घरात कोपऱ्यात एखादं बटण सापडावं
तसा एकच शब्द राहिला:
मग.

स्पीच थेरपीची मुलगी फार गोड.
तिला वाटलं, चहा मागतोय.
धावत जाऊन निळा मग भरून आणला.
तो प्यायला. मग?
तिने आणखी एक आणला.
मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन
नळ सोडून बसले.

रात्रपाळीला मी केअर होममध्ये
दुसऱ्यांचे नवरे कुशीवर वळवते.
पहाटे बसस्टॉपवर देवाला म्हणायचे,
फार नको, एक वाक्य दे.
माझं नाव नसलं तरी चालेल त्यात.
एप्रिल, मे, जून.
मग मीही अबोला धरला.
तू त्याचं तोंड बंद केलंस ना, घे, हे माझंही.

तरी दर रविवारी कुलूप उघडलं.
श्रद्धा वगैरे नव्हती हो.
किल्ली माझ्याकडे होती.
ग्लेनिसबाई पार डॉकच्या टोकावरून चालत येते,
तिला बंद दारापुढे कसं उभं करणार?
बादली सरकवायची, खुर्च्या पुसायच्या,
बाकीचे बोलायचे, मी मोजे बघत बसायचे.

जानेवारीत एका रविवारी रस्ते गोठले.
कोणीच आलं नाही.
आम्ही दोघं, आणि बादलीत टप् टप्.
काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं,
प्रभू, आलोय आम्ही. आमेन.

त्याने मान वळवली.
मग?

मग काय? थंडी आहे. घरी जाऊ.
मग?
ग्लेनिस घसरली नसेल ना वाटेत.
मग?
डोरीनचं मांजर अजून तिच्याच दारात बसतं म्हणे.
मग?
डावा हात माझ्या बाहीवर, पकड तीच जुनी,
डोळे मिटलेले. हा चहा मागत नव्हता.

सांगत गेले.
सात नंबरच्या खोलीतले हॅरल्ड, रात्रभर बोट बांधतात दोरीने,
जालन्यातली नणंद, तिचा मोतीबिंदू,
तो कुत्रं चावलेला पोरगा, आता दोन लेकरांचा बाप असेल,
चहावाली थेरपिस्ट.
प्रत्येक नावामागे त्याचा धक्का, मग, मग,
चढावर मागून कोणी गाडी लोटावी तसा.
शेवटी राहिले मी.
मी रागावलेय तुझ्यावर, म्हटलं, अजून आहे.
ह्यावर तो काहीच म्हणाला नाही.
बादली भरत आली होती.

निघताना दार लावलं.
इथलं कुलूप थंडीत अडतं,
किल्ली जराशी बाहेर ओढून मग फिरवावी लागते.
डोरीन हे सांगायचं विसरली होती.
वाऱ्यात त्याचं ब्लँकेट दोनदा उडालं.
घरी पोचेपर्यंत दीड वाजला,
आणि रात्रीची डाळ गरम करता करता
हॅरल्डच्या बायकोचं नाव आठवलं,
ते राहिलंच होतं.